काकू, त्या ‘नाकारे’बद्दल आभार

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

पायाचं प्लास्टर निघून तीन आठवडे झाले. आता जिना चढून वर येऊन तोंडीच सांगता आलं असतं, पण समोर आलो की तुम्ही "पुरे, चहा घे" म्हणून विषय मोडता. म्हणून हे उघड पत्र.

पडल्यापडल्या ती जपानी मालिका लावली तेव्हा मला फक्त एक खून आणि एक खुनी हवा होता. 2022 साली फुजी टीव्हीवर आलेली, बारा भागांची, मासाकी सुदा मुख्य भूमिकेत. पहिल्याच भागात पोलीस कुरळ्या केसांच्या एका कॉलेजच्या पोराला वर्गमित्राच्या खुनाच्या संशयावरून ठाण्यात नेतात, आणि तो पोरगा नुसता बोलत सुटतो. बंद करणारच होतो. तेवढ्यात तुम्ही डबा घेऊन आलात, पडद्यावरचं नाव वाचलंत आणि हसलात. ‘मिसुतेरी तो इऊ नाकारे’. याला मिस्टरी म्हणू नका. ‘नाकारे’ म्हणजे जुन्या वळणाची मनाई, हल्ली बोलण्यात कुणी वापरत नाही. मी म्हटलं, अहो, हे तर आपलं ‘नको रे’! तुम्ही डबा टेबलावर ठेवलात आणि खुर्ची ओढलीत. त्यानंतर बारा दुपारी ती खुर्ची तुमची.

तुम्ही नसता तर मी खालच्या इंग्रजी ओळी वाचून मोकळा झालो असतो. नायकाचं नाव तोतोनो. ते ज्या अक्षराने लिहितात त्याचा अर्थ नीट लावणे, आवरणे. आणि याच्या डोक्यावर कंगवा न शिरणारं जंगल, पावसाळी हवेत आणखीच फुगणारं. इंग्रजीत ही गंमत कुठून कळणार? प्रत्येक भाषणाआधी तो एक वाक्य म्हणतो. इंग्रजी ओळीत त्याचं ‘मी नेहमी विचार करतो’ एवढंच होतं. तुम्ही म्हणालात, छे, ‘माझ्या मनात सारखं येतं बघा’ असं म्हण. आणि तो सगळ्यांशी आदरार्थी बोलतो, त्याला अरेतुरे करणाऱ्या पोलिसांशीसुद्धा, हे तुम्ही दाखवल्यावर चौकशीची ती खोली वेगळीच दिसायला लागली. आवाज न चढवता तो त्यांच्या पुढे निघून जातो.

एक प्रसंग तर मला लागलाच. तरुण पोलीस इकेमोतो कुरकुरतो, घरचा कचरा मीच टाकतो तरी बायको नाराज. तोतोनो शांतपणे विचारतो: कचरा टाकणं कुठून सुरू होतं? घरातल्या सगळ्या डब्यांतला गोळा करायचा, वेगवेगळा करायचा, सिंकच्या जाळीतलं काढायचं, डब्यांना नव्या पिशव्या लावायच्या. तुम्ही फक्त बांधलेली पिशवी उचलता ना? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी प्लास्टरकडे पाहिलं. आमच्याकडेही ‘कचरा मीच टाकतो’ हे वाक्य माझंच होतं, आणि सहा आठवडे ओला-सुका दोन्ही हिनेच केला, तोही माझ्यासमोर. काकू, तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

‘शिन्जित्सु’ (सत्य) आणि ‘जिजित्सु’ (वस्तुस्थिती) यांतला फरक समजवायला तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेला दोन्ही शब्द लिहून दाखवलेत. पहिलं प्रत्येकाचं आपापलं, म्हणून माणसं तितकी सत्यं. दुसरं घडलेलं, म्हणून एकच. पोलिसांनी दुसऱ्याचा शोध घ्यावा, हे तो पोरगा पोलिसालाच सांगतो. आणि भागाच्या शेवटी (नाव लिहीत नाही, कुणी पाहिलं नसेल तर) गुन्हेगाराला तो जे विचारतो, की घरच्यांसाठी नव्हता तो वेळ सूडासाठी बरा मिळाला, त्यानंतर तुम्ही चहा गार होऊ दिलात. काका गेल्यानंतरच्या गोष्टी तुम्ही त्या दुपारी पहिल्यांदा बोललात.

मालिका सगळीच अशी नाही. बसच्या अपहरणाची गोष्ट लांबलीय, हे माझं मत कायम आहे, तुमचं नाही. पावसातला तो स्मृती गेलेला बॉम्बवाला मात्र दोघांनाही आवडला. शेवटच्या भागात इतके धागे सुटे ठेवलेत की मला राग आला. तुम्ही म्हणालात, मूळ मांगा, म्हणजे ती जपानी चित्रकथा, अजून संपायची आहे, हे तरी कुठे बांधणार?

2023 चा चित्रपट उरलाय, हिरोशिमातल्या वारसाहक्काच्या भांडणाचा. रविवारी दुपारी खाली या. तोतोनोची आवडती करी मी करणार आहे, बटाटा-गाजर घालून, दाट. करीच्या चॉकलेटसारख्या वड्यांचं ते पाकीट तुमच्या कपाटात आहे, तेवढं आणा. भांडीही मीच घासणार. सिंकची जाळीसुद्धा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा लंगडा