पडद्यावरचा फौजी आणि कॅन्टीनच्या रांगेतला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत नव्या युद्धमालिकेचं परीक्षण वाचलं. मालिका चांगली की वाईट, ते समीक्षक जाणोत. आमच्याकडे सूनबाई ती बघतात, मी त्या वेळात बाहेर कट्ट्यावर असतो. माझं भांडण शेवटच्या परिच्छेदाशी आहे. नायकाच्या डोळ्यांतला अंगार बघून भारावलेले आपले समीक्षक लिहितात की, पिशवी घेऊन लष्करी कॅन्टीनच्या रांगेत उभे असलेले आपल्याकडचे माजी सैनिक पाहिले की ही तीच माणसं का, असा प्रश्न पडतो.

हो साहेब, तीच माणसं. पिशवीत साबण, चहापूड असते आणि बाटली असलीच तर ती गल्लीतल्या कुणीतरी आधीच सांगून ठेवलेली असते. अंगाराचं म्हणाल तर माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.

मराठा सेंटर, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र, बेळगावात येऊन शंभर वर्षं होऊन गेली. सकाळी कॅम्पात फिरायला जाणाऱ्याला पळणारे रंगरूट दिसतात. तालुक्यातल्या गावागावांत माळ्यावर नाव-नंबर रंगवलेल्या काळ्या ट्रंका पडून आहेत. एवढं सगळं दाराशी असताना फौजी कसा असतो हे कळायला बेळगावच्या माणसाला मुंबईत काढलेली मालिका लागावी, याला काय म्हणावं?

पण दोष एकट्या समीक्षकांना का द्या? मध्यंतरी २६ जुलैला, कारगिल विजय दिनाला, एका शाळेने मला बोलावलं होतं. आदल्या दिवशी बाईंचा फोन. "काका, जरा जोशात बोला हं, मुलांना तसं आवडतं." मी पलटणीत सिग्नलवाला, माझं काम वायरलेस सेट सांभाळायचं. मुलांना सांगितलं की उंचावरच्या पोस्टवर थंडीने बॅटरी लवकर उतरते, म्हणून रात्री ती स्लीपिंग बॅगेत पोटाशी घेऊन झोपायचं. सेटवर हळू बोलायचं, कमी बोलायचं. डरकाळ्या फोडल्या तर उस्तादाची लाथ आधी बसणार, शत्रूची गोळी नंतर. मग नामदेव जाधवांची गोष्ट घेतली. १९४५, इटली, सेनियो नदी. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे त्या वेळचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवणारा आपल्या पलटणीचा शिपाई. त्याचं काम काय, तर कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोचवायचा. सोबतचे पडले तेव्हा त्याने आधी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणून सोडलं आणि मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या चौक्यांवर चाल केली. स्वतःला लागलेलं असताना.

सातवीतला एक मुलगा उठला. "तुम्ही किती जणांना मारलं?" मी म्हटलं, बाळा, मी सेटवर होतो. तर म्हणाला, "म्हणजे तुम्ही खरे फौजी नव्हता?" पोरं हसली. बाई पटकन म्हणाल्या, "काका फार नम्र आहेत." नम्रपणाचा इथे काय संबंध, ते मला अजून समजलेलं नाही.

माझ्यानंतर एक तरुण आला, भाड्याचा युनिफॉर्म घालून. डोक्यावर पॅराची, म्हणजे छत्रीधारी सैनिकांची टोपी, खांद्यावर कॅप्टनचे तीन स्टार आणि बाहीवर हवालदाराच्या तीन फिती. दाढी गालभर. अशा अवतारात फालीनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, उभा राहिला असता तर सीएचएमने, म्हणजे कंपनी हवालदार मेजरने, त्याचं काय केलं असतं, हे छापण्याजोगं नाही. त्याने कुठल्याशा सिनेमातला संवाद घसा ताणून म्हटला आणि शिट्ट्या पडल्या. शाल-नारळ दोघांनाही मिळाला. पण संपादक महोदय, दुसऱ्या दिवशी आपल्याच अंकात फोटो छापून आला तो कुणाचा? त्याचा! खाली ओळ होती, 'जवानाने जागवला देशाभिमान'. मी त्या फोटोत आहे, अर्धा कान तेवढा.

भैरोंसिंह राठोड हे नाव समीक्षकांना ठाऊक असेल. राजस्थान सीमेवरच्या लोंगेवालाच्या लढाईवर १९९७ साली आलेल्या 'बॉर्डर' चित्रपटात ते धारातीर्थी पडतात. प्रत्यक्षात सीमा सुरक्षा दलाचा हा जवान १९७१ च्या डिसेंबरातली ती रात्र काढून परत आला, त्याला सेना मेडल मिळालं आणि २०२२ च्या डिसेंबरात तो जोधपूरला वारला. पडद्यावर मेल्यानंतर पंचवीस वर्षं माणूस जिवंत! आणि लोंगेवालाची खरी गोष्ट काय होती? तिथली आपली विमानं अंधारात हल्ला करू शकत नव्हती, म्हणून उजाडेपर्यंत चौकी धरून ठेवायची. रणगाडे समोर असताना मूठभर माणसांनी ती धरली. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. रात्रभर धरून ठेवणं मालिकेत कसं दाखवणार? त्यात टाळ्यांची जागा कुठे येते?

जिवंत असण्यावरून आठवलं. आम्हा पेन्शनवाल्यांना वर्षाला हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंदा एका कार्यालयात मशीनवर माझा अंगठा उमटेना. शेती करून रेषा झिजल्यात, त्याला मी काय करू? तिथला मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "उद्या या." भिंतीवरची सूचना फक्त कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. वाचून दाखव म्हटलं तर वर ऐकवलं की इतकी वर्षं इथे राहून शिकला नाहीत का? माझ्या मागे आमच्याच पलटणीतल्या एका जवानाची विधवा उभी होती. तिला तर मराठीही वाचता येत नाही. ती गपचूप वळून बसस्टॉपकडे गेली. यावर आपल्या वार्ताहराने एकदा लिहावं, पुरवणीत नको, पहिल्या पानावर.

मागच्या खेपेला आपण माझं पत्र निम्मं कापलंत. या वेळी जागा कमी पडली तर समीक्षकांबद्दलचा मजकूर काढा, अंगठ्याचा तेवढा ठेवा.

आपला,
एक निवृत्त नायब सुभेदार
हिंडलगा, ता. जि. बेळगाव