तुझ्या एकोणीस डेलीज आणि सुमीचा जीव

प्रिय नंदू,

पत्राला उशीर झाला, शिव्या नंतर दे. तब्येत ठीक, खोकला गेला. लिहायचं कारण तुला माहीतच आहे. आपली हॅबिटिका, म्हणजे कामं पूर्ण केली की सोनं आणि लेव्हल देणारा तो खेळ. त्यात परवाच्या क्रॉनमध्ये, म्हणजे दिवस उलटताना, बॉसने आपल्या अख्ख्या पार्टीला बदडलं आणि सुमीचं पात्र मेलं. एक लेव्हल उतरली, सगळं सोनं गेलं, वर एक वस्तू गेली. ती तुझ्यावर किती चिडली आहे ते इथे लिहीत नाही, पत्र बाप्याच्या हाती पडलं तर पंचाईत.

तुझा स्क्रीनशॉट पाहिला. हॅबिटिकाला जोडलेल्या टूलमधून ‘मला शिस्त लावून दे’ एवढं एआयला सांगितलंस आणि त्याने एकोणीस डेलीज, म्हणजे ठरल्या दिवशी परत परत करायची कामं, उभ्या केल्या. त्यात ‘पासपोर्टचं नूतनीकरण’ रोज! रोज कुणाचा पासपोर्ट संपतो रे? टू-डू (एकदाच करायचं काम) कितीही रखडला तरी फक्त लाल होत जातो, जीव घेत नाही. डेली चुकली की मात्र तुझे पन्नासातले जीवाचे पॉइंट जातात, आणि बॉसचा क्वेस्ट (लढाईची मोहीम) चालू असेल तर त्याचा मार सगळ्यांना बसतो. म्हणून एआयने काम कुठल्या रकान्यात टाकलं हे आधी बघायचं, शब्दरचना मागाहून. डेली आणि हॅबिट (वार न ठरवता, कधीही प्लस-मायनस करायची सवय) यांतल्या फरकावरून आपण हॉस्टेलात रात्रभर भांडलो होतो, आठवतं? तू तेव्हाही चूक होतास.

आता नीट ऐक. टूल हॅबिटिकाला जे पाठवत नाही ते हॅबिटिका स्वतःच भरते. डेलीला आवर्तन साप्ताहिक आणि सातही वार चालू, अवघडपणा १. हॅबिटला प्लस-मायनस दोन्ही बटणं, म्हणून तुझ्या ‘पाणी पिणे’ला मायनस आहे. पाणी प्यायल्याची शिक्षा! याहून वाईट म्हणजे अर्धवट बरोबर माहिती. ‘सोमवार-गुरुवार’ सांगितलं की एआय वार बरोबर लिहितं, पण आवर्तनात ‘डेली’ टाकतं. तसं झालं की वारांकडे कुणी बघत नाही. सुरुवातीची तारीख आणि ‘दर किती दिवसांनी’ एवढंच धरलं जातं, आणि तिथे १ असतो. म्हणजे पुन्हा रोज. वार हवे असतील तर आवर्तन ‘वीकली’च हवं. तुझ्या पाच डेलीज नेमक्या अशाच बिघडल्या आहेत.

अवघडपणाला चारच आकडे चालतात: ०.१, १, १.५ आणि २. एआयने उत्साहात ३ दिला तर विनंती परत येते. सगळ्यांना २ दिला तर परत येत नाही, आणि धोका तिथेच आहे, कारण कमाई वाढते तशी चुकल्यावरचा मारही वाढतो. टॅगचं नाव चालत नाही, टॅगचा आयडी, म्हणजे हॅबिटिकाने त्याला दिलेला ओळख-संकेत, लागतो. म्हणून आधी टॅगची यादी वाचायला लाव. आणि ‘रिमाइंडर लावला’ असं एआय म्हणालं तरी टूलमध्ये तो रकाना आहे का ते बघ. नसेल तर ते वाक्य नुसतं सौजन्य आहे.

स्क्रीनशॉटमध्ये काही टास्क दोनदा दिसतात, त्याचं कोडंही सोपं आहे. उत्तर यायला वेळ लागला की एआय तीच विनंती पुन्हा पाठवतं आणि एकाची दोन होतात. प्रत्येक टास्कला एलियस, म्हणजे टोपणनाव, द्यायला सांग: रोमन अक्षरं, आकडे, हायफन, अंडरस्कोअर, बस, देवनागरी तिथे चालत नाही. तोच एलियस दुसऱ्यांदा आला की हॅबिटिका नकार देते. शिवाय मिनिटाला तीसच विनंत्या चालतात, त्यापुढे ४२९, म्हणजे ‘फार विनंत्या झाल्या’ असा नकार, येतो. एकेक पाठवण्यापेक्षा टूलला जमत असेल तर सगळी टास्क एकाच विनंतीत यादी करून पाठवायची.

पण खरी काळजी वेगळीच आहे, ती या आकड्यांनी मिटत नाही. पूर्वी टास्क हाताने लिहायचो, रकाना निवडायचो, वारांवर टिक करायचो, आणि तेवढ्यात निम्मी कामं ‘जाऊ दे’ होऊन गळायची. तो कंटाळा म्हणजे चाळणी होती. आता एका वाक्यात वीस कामं येतात आणि गाळायला कुणी नाही. त्यात एआयला चेकलिस्ट फार आवडते. ‘ईमेलला उत्तर देणे’चे आठ तुकडे करतं, आणि टू-डूमध्ये टिक केलेला प्रत्येक तुकडा कमाई वाढवतो. मग काम तेवढंच, सोनं मात्र ढिगाने, आणि त्यात रिवॉर्डची (सोनं देऊन घ्यायच्या बक्षिसाची) किंमत एआयने १० लावलेली. हा खेळ कशाचा राहिला, नंदू? तू म्हणशील मी म्हातारा झालो. झालो असेन. पण तुझी लेव्हल वाढली आणि पासपोर्ट तसाच आहे, हे तूच कळवलंस.

म्हणून हे वाक्य टूलच्या कायमच्या सूचनांत चिकटव: ‘काही तयार करण्याआधी प्रत्येक कामाचा प्रकार, आवर्तन, वार आणि अवघडपणा यादीत दाखव, माझा होकार आल्यावरच पाठव, एका वेळी तीनपेक्षा जास्त डेलीज नाहीत, शंका असेल तर टू-डू कर, शेवटी हॅबिटिकातून यादी परत वाचून दाखव.’ शेवटचा तुकडा गाळू नकोस. ‘केलं’ म्हणणं आणि झालेलं असणं यांत फरक आहे, हे तुला मी सांगायचं? सुमीला विचार.

परवानग्या वेगवेगळ्या ठेव. वाचणं मोकळं सोड, तयार करताना विचारू दे, डिलीट आणि स्कोअर (काम झाल्याची नोंद) यांना प्रत्येक वेळी तुझा होकार लागू दे. डिलीट केलेलं परत येत नाही. आणि यूजर आयडी आणि एपीआय टोकन (टूलला तुझ्या खात्यात शिरू देणारी किल्ली) टूलच्या सेटिंग्जमध्येच टाक, गप्पांच्या खिडकीत कधीच नाही. ते टोकन म्हणजे पासवर्डच. तू ते बाप्याला व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतंस असं कानावर आलंय. खोटं असेल अशी आशा. खरं असेल तर आधी टोकन बदलून घे, मग पुढचं वाच.

एकोणीसांतल्या चार ठेव, बाकीच्या उडव, पासपोर्ट टू-डूत हलव. डेलीचा टू-डू करता येत नाही. नवा करून जुनी डेली काढावी लागते. हे सगळं आज जमणार नसेल तर आधी ‘पॉज डॅमेज’ दाब, म्हणजे तुझ्या डेलीज कुणाला मारणार नाहीत.

आईंचं डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं ना? नवीन नोकरीत रात्रपाळी आहे म्हणे. तसं असेल तर कस्टम डे स्टार्ट (हॅबिटिकातला दिवस सुरू व्हायची वेळ) पुढे सरकव, नाहीतर पाळी संपायच्या आत दिवस उलटतो. मनूला शाळा आवडली का? सविस्तर लिही.

क्वेस्टचं आमंत्रण मी पाठवतोय. डेलीज आवरल्याशिवाय स्वीकारू नकोस, आणि सुमीला फोन तूच कर.

तुझा,
दिन्या