राजाच्या होडीची वल्ही कोणाच्या हातात होती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला इजिप्तमधल्या गिझाच्या नव्या संग्रहालयावरचा लेख दोनदा वाचला. मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या नौकेचा फोटो कापून जपून ठेवला आहे. मात्र एवढ्या मोठ्या लेखात नौकेविषयी दोनच गोष्टी आल्या: ती राजाची होती आणि ती ‘हजारो गुलामांनी’ घडवली. पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे हे दुसरे वाक्य डोळ्यांआड करता येईना.

ही नौका १९५४ साली मोठ्या पिरॅमिडच्या दक्षिणेला एका खंदकात सापडली. सुटी करून ठेवलेली, एकूण १,२२४ तुकडे. लाकूड लेबनॉनचा देवदार, लांबी त्रेचाळीस मीटरच्या वर. फळ्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या. ती पुन्हा उभी करण्याचे काम अहमद युसूफ मुस्तफा यांच्याकडे आले, तेव्हा ते नाईलकाठच्या होड्या बांधणाऱ्या कारागिरांकडे जाऊन बसले आणि त्यांचे काम पाहून शिकले. हे हुकूम ऐकून राबणाऱ्या अडाणी गर्दीचे काम नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या हातात मुरलेली विद्या आहे.

आता ‘गुलाम’ या शब्दाविषयी. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे २०१३ साली पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे मिळाले. लिहिलेल्या पपायरसांत याहून जुने आजवर सापडलेले नाहीत. त्यात खुफूच्याच काळातल्या मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. त्याची टोळी तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरायची, नाईलवरून गिझाला आणून उतरवायची आणि रिकाम्या होडीने परत जायची. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. आज कुठे दगड भरले, रात्र कुठे काढली, एवढेच तो टिपतो. त्याच कागदांत टोळीला आलेल्या शिध्याचेही हिशेब आहेत. ज्यांना शिधा मोजून मिळतो आणि ज्यांच्या मुकादमाला लिहिता येते, त्यांना सरसकट गुलाम म्हणून मोकळे होणे बरे नाही. म्हणून सगळे आनंदात होते असेही मी म्हणत नाही. वेठ होतीच. गिझाच्या कामगारांच्या कबरींतले सांगाडे ओझ्याने झिजलेल्या पाठी दाखवतात. त्याच सांगाड्यांत मोडून नीट जुळलेली हाडेही आहेत, म्हणजे कोणीतरी ती बसवली होती. पुढच्या शतकांत युद्धकैदी आले, विकली जाणारी माणसेही आली. एका शब्दात हे सगळे मावत नाही.

मला मात्र खुफूच्या नौकेपेक्षा मेकेत्रेच्या होड्या जास्त प्रिय आहेत. मेकेत्रे हा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा राजाचा मोठा कारभारी. थीब्ज या प्राचीन नगरीजवळचे त्याचे थडगे १९२० साली अमेरिकी पुरातत्त्वज्ञ विन्लॉक यांची तुकडी साफ करत होती. मजुरांना दिसले, की दगडाच्या चिपा एका भेगेतून आत घसरत आहेत. विन्लॉक यांनी भेगेतून विजेरीचा झोत टाकला, तर समोर शेकडो चिमुकली लाकडी माणसे कामाला लागलेली! शोध विन्लॉक यांच्या नावावर आहे, पण भेग पाहिली ती मजुरांनी. माणसांचे आणि होड्यांचे हे छोटे लाकडी नमुने पुढे कैरो आणि न्यूयॉर्क इथल्या संग्रहालयांत वाटले गेले.

एका होडीत मेकेत्रे सावलीला बसून कमळ हुंगतो आहे. शेजारी आंधळा वादक आणि गवई. पुढे नाळेवर एक जण वजन बांधलेली दोरी हातात धरून पाणी किती खोल आहे ते बघतो आहे, कारण होडी वाळूत रुतली तर बोल त्यालाच लागणार. आणि मागून येते ती स्वयंपाकाची होडी. तिच्यावर बाया वाकून आपल्या पाट्या-वरवंट्यासारख्या दगडावर धान्य दळताहेत, पुरुष पाव भाजताहेत, बिअर तयार करताहेत. मालकाच्या नाकाशी कमळ आणि धूर मागच्या होडीत, अशी ती वाटणी.

माझे आजोबा परदेशी बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. सुवेझमधून कितीदा गेले असतील. त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात बोटींची नावे आहेत. ते काय शिजवत होते, ते मला आजीकडून कळले. म्हणून ती मागची होडी मला परकी वाटत नाही.

मेल्यावरही मालकाची सेवा चालू राहावी, यासाठी हे नमुने थडग्यात ठेवत. पुढे तर शवाब्ती नावाच्या बाहुल्यांचा ताफाच ठेवू लागले. पुरा संच ४०१ चा: वर्षाच्या दिवसांचे ३६५ मजूर आणि त्यांच्यावर ३६ मुकादम. कामाची हाक आली, की बाहुलीने ‘हा मी आहे’ म्हणायचे. तुतनखामूनच्या थडग्यात तर त्याहूनही जास्त, ४१३ होत्या.

बर्लिनमधल्या एका पपायरसावर याच्या अगदी उलट एक कथा आहे. स्नेफ्रू राजाला करमत नाही, म्हणून वीस तरुणी त्याला तळ्यात होडीतून फिरवतात. वल्हवताना एकीचे माशाच्या आकाराचे पेरोजाचे पदक पाण्यात पडते. ती थांबते, तिच्या बाजूच्या सगळ्याच थांबतात. राजा म्हणतो, दुसरे देतो. ती म्हणते, मला माझेच हवे. शेवटी तळ्याचे अर्धे पाणी मंत्राने उचलून दुसऱ्या अर्ध्यावर घडी घालावे लागते, तेव्हा कुठे पदक मिळते. कथाच ती, पण राजासमोर वल्हे खाली ठेवणारी बाई कोणाला तरी सुचली आणि ती लिहिली गेली, याचे मला फार अप्रूप आहे. वर्गात ही गोष्ट सांगितली, की मागच्या बाकांवरचा गलबला थांबायचा.

एवढीच विनंती, की ‘हजारो गुलामांनी’ या शब्दांची दुरुस्ती छापावी. आणि जागा असेल तर मेकेत्रेच्या स्वयंपाकाच्या होडीचे चित्र द्यावे. मांडणीसाठी कडा कापाव्या लागल्या, तर दळणारी बाई तेवढी कापू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. रत्नागिरी