बाबांचं ऑम्लेट

मेक्सिको सिटी, ३ नोव्हेंबर

प्रिय पक्या,

आधी शिव्या घालून घे. बाबांच्या दहाव्याला माझ्या जागी तू घाटावर उभा राहिलास आणि मी आठ महिने तुला साधा फोन केला नाही. तब्येत बरी आहे, गुडघा सोडून.

लिहितोय ते एका ऑम्लेटपायी.

इथे परवा-काल मृतांचे दिवस झाले. १ नोव्हेंबर गेलेल्या लेकरांचा, २ थोरांचा. आमच्या घरमालकीणबाई मूळच्या मिस्किक गावच्या. त्यांनी ओफ्रेंदा मांडली, म्हणजे गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या, कोपालचा धूप, मीठ, पेलाभर पाणी (लांबून येतात, तहान लागते म्हणे). आणि ढिगानं झेंडू! आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा इथलाच बरं का. त्याच्या वासावर गेलेली माणसं घर शोधत येतात म्हणे.

बाईंनी बाबांचा फोटो मागितला, दिला. मग म्हणाल्या, त्यांना काय आवडायचं? ज्याला जे आवडायचं तेच ठेवतात, कुणाला बिअर, कुणाला मोलेतली (म्हणजे इथल्या दाट मसालेदार रश्श्यातली) कोंबडी. मी गप्प. चाळीस वर्षांचा मुलगा, आणि ‘आई वाढेल ते’ एवढंच सुचलं. मग तू आठवलास. बाबा ‘पक्याकडे बुद्धिबळ’ म्हणून जायचे आणि तुमच्याकडे दोन अंड्यांचं ऑम्लेट, मिरची जास्त. तू हे सांगितलंस तेव्हा खोटारडा म्हणून मी तुला बदडलं होतं. दात अजून हलतो का?

केलं ऑम्लेट, ठेवलं.

इथे जिवंत माणसाच्या मरणावर चेष्टेच्या कविता करतात. बाईंच्या मुलानं माझ्यावर केली: मरण न्यायला आलं, माझा मसाल्याचा डबा हुंगून शिंकत परत गेलं. काल संध्याकाळी मिस्किकच्या दफनभूमीत गेलो. थडग्याथडग्यावर मेणबत्त्या, माणसं निवांत बसलेली. बाईंनी नवऱ्याला जुन्या उधारीवरून झापलं. माझ्या डोळ्यांत धूर गेला.

आईला फोटो पाठवला, शेजारची टकिला कापून. म्हणाली, ताटलीत काय? मी म्हटलं, भजी. तर म्हणते, “त्यांना भजी कुठे आवडायची?” आणि फोन ठेवला. पक्या, तिला ठाऊक होतं का रे? रात्रभर झोप नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, चिंगीची दहावी ना यंदा?

आणि एक. दादा म्हणतो, कावळा तासभर शिवत नव्हता, मग तू पुढे जाऊन काहीतरी पुटपुटलास आणि लगेच शिवला. काय म्हणालास ते कळव.

तुझा,
बंड्या