अवकाशातील छत्री : अडचण वजनाची आहे

संपादक महोदय,

तापमानवाढ रोखायला थोडा सूर्यप्रकाश अडवण्यासाठी अवकाशात पडदा उभारण्याच्या कल्पनेवर लिहिताना बहुतेक जण पडद्याच्या आकारावरच थांबतात. खरे कोडे वजनाचे आहे, म्हणून हे पत्र.

पृथ्वी प्रति चौरस मीटर सरासरी 240 वॅट सौरऊर्जा शोषते. त्यातील 1.8 टक्के अडवले की सुमारे 4.3 वॅट कमी होतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्याने येणारा उष्णतेचा जादा भार साधारण तेवढाच असतो. पडद्याची जागा म्हणजे सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवरचा एल-1 बिंदू; सूर्य आणि पृथ्वी यांच्या ओढींमुळे तिथली वस्तू पृथ्वीच्या बरोबरीने सूर्याभोवती फिरत राहते. इतक्या अंतरावरून जमिनीवर काळी सावली पडत नाही. सूर्यबिंब किंचित मंद होते आणि तेही सगळीकडे, त्यामुळे एखाद्याच प्रदेशावर सावली धरता येईल हा समज चुकीचा आहे.

पडदा जितका हलका, तितका प्रकाशाचा दाब त्याला पृथ्वीकडे जास्त ढकलतो. आरशासारखा चकचकीत पडदा तर दुप्पट दाब झेलतो. तोल राखायचा तर पडदा सूर्याच्या बाजूला आणखी सरकवावा लागतो किंवा जड करावा लागतो. म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ रॉजर एंजल यांनी 2006 मध्ये आरसा टाळून बारीक छिद्रांची पारदर्शक फिल्म सुचवली. ती प्रकाश परतवत नाही, एखाद-दोन अंशांनी वळवते. पृथ्वीला चुकवायला तेवढे पुरते आणि धक्काही कमी बसतो. त्यांचा पडदा एकसंध नाही, अशा फिल्मच्या सुट्या चकत्यांचा आहे. एकेक चकती सुमारे 60 सेंटिमीटरची, वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास, आणि अशा 16 लाख कोटी! तरीही एकूण वजन 2 कोटी टन भरते आणि जागा 18.5 लाख किलोमीटरवर सरकते.

एका उड्डाणात 100 टन नेले, तरी दोन लाख उड्डाणे लागतील, म्हणजे वीस वर्षे रोज 27. 2023 मध्ये जगभर मिळून वर्षाला सव्वादोनशेच्या आसपास झाली. एंजल यांनी रॉकेटऐवजी विद्युतचुंबकीय प्रक्षेपक (विजेच्या चुंबकीय जोराने वस्तू अवकाशात फेकणारी यंत्रे) मांडले, ते याचमुळे. खगोलशास्त्रज्ञ इस्तवान सापुडी यांनी 2023 मध्ये पडद्याचा तोल राखण्यासाठी लघुग्रहाचे वजन सूर्याच्या बाजूला दोरखंडाने बांधण्याची युक्ती मांडली. त्यात प्रत्यक्ष पडदा 35 हजार टनांचाच, पण एवढा लांब आणि मजबूत दोरखंड आज कोणीच बनवू शकत नाही.

तिथे पोहोचल्यावरही एल-1 स्थिर नाही. तिथली छोटी चूक साधारण 23 दिवसांत पावणेतीन पट होते. प्रत्येक चकतीला दिशा सांभाळण्यासाठी बसवलेले छोटे आरसे कलते करून सतत जागा धरावी लागेल. नियंत्रण गेलेल्या चकत्या इतरांवर आदळतील.

आणि हा पडदा कार्बन कमी करत नाही. समुद्राचे आम्लीकरण चालूच राहते. हरितगृह वायू रात्री आणि ध्रुवीय हिवाळ्यातही उष्णता अडवतात, पडदा मात्र फक्त ऊन कमी करतो. म्हणून हवामानाच्या संगणकीय प्रारूपांत उष्ण कटिबंध जास्त थंड होतो, ध्रुव कमी, आणि बाष्पीभवन घटल्याने पाऊसही घटतो. उत्सर्जन चालू असताना पडदा बंद पडला, तर दडलेली तापमानवाढ एक-दोन दशकांतच उसळेल. ही जोखीम आम्हाला सर्वांत गंभीर वाटते.

संशोधन थांबवा, असे आमचे म्हणणे नाही. काही ग्रॅमच्या फिल्म एल-1 जवळ सोडून त्या किती दिवस जागा धरतात आणि किरणोत्साराने किती झिजतात हे पाहणे आजच्या रॉकेटने शक्य आहे. त्यावर जरूर खर्च व्हावा. मात्र कोणत्याही सरकारने हा पडदा उत्सर्जनकपातीच्या हिशेबात धरू नये.

कळावे.