आधी टेप घे, बोर्डाचं मग बघू

कॅलगरी, रविवार रात्र

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, संध्याकाळी गुडघे दुखतात, वळायलाही जड जातं, स्नोबोर्डच बदलतो." मी नुसतं हूं केलं, कुकर लावला होता. आता निवांत लिहिते. बोर्ड बदलू नकोस. तू पाठवलेल्या फोटोत दोन डगरींवर पाय ठेवल्यासारखा उभा आहेस. बाइंडिंगमधलं, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या दोन पकडींमधलं, अंतर विचारलं तर म्हणालास साठ सेंटिमीटर, कारण तुझ्या मित्राचं साठ आहे. मित्र सहा फूट तीन इंच!

माझं पहिलं वर्ष आठवतं? तू आठवीत, मी त्रेचाळीसची, कॅनडा ऑलिम्पिक पार्कचा तो बुटका उतार. बोर्ड भाड्याने घेताना काउंटरवरच्या मुलाने विचारलं, कुठला पाय पुढे? रांगेतले सगळे डावा म्हणत होते, मीही डावा म्हटलं. दोन दिवस नुसती आपटत होते. मग घरी मोजे घालून लाकडी फरशीवर पळत येऊन घसरून पाहिलं, तर दर वेळी उजवाच पाय पुढे. असं उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याला गूफी म्हणतात, तर मी गूफी. शिवाय त्या बोर्डावर आधीच्या कुणा उंच माणसाचं ५८ सेंटिमीटर अंतर तसंच ठेवलेलं होतं. पाय बदलून ४८ करून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच उतारावर वळले. ब्लाउज दुसऱ्याच्या मापाचा असला की काखेत काचतो, इथे गुडघ्यात काचतं, एवढाच फरक.

तर माप घे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभा राहा आणि टाचेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत टेप धर. तुझ्या उंचीला ते ५१च्या आसपास येईल. तिथून सुरुवात करायची, हवं तर दोन-तीन सेंटिमीटर वाढवायचे. बोर्डावर हे अंतर एका डिस्कच्या, म्हणजे बाइंडिंगच्या मधल्या गोल चकतीच्या, मध्यापासून दुसऱ्या डिस्कच्या मध्यापर्यंत मोजतात, बाइंडिंगच्या कडांपासून नाही. तू कडेपासून मोजलं नसशील अशी आशा आहे, तुझ्या बाबांनी मोजलं होतं. तेवढ्या अंतरावर पाय ठेवून पाच-सहा उठाबशा काढ आणि खाली बघ. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने जायला हवा. आत पडत असेल किंवा बाहेर ओढला जात असेल, तर अंतर नाहीतर बाइंडिंगचा कोन चुकलाय.

तुझ्या बोर्डावर बाइंडिंगच्या स्क्रूंची भोकं लांबीच्या दिशेने दोन-दोन सेंटिमीटरवर आहेत. दोन्ही बाइंडिंग एकेक भोक आत घेतलीस की ६०चे ५६ होतात. एकदम ५१वर नको, आधी एवढंच कर आणि एक दिवस चालवून बघ, जमलं नाही तर आणखी एकेक. फक्त मागचंच आत घेतलंस तर अंतर कमी होईल, पण तुझ्या उभं राहण्याचा मध्यही एक सेंटिमीटर पुढे सरकेल. मग कशाने काय झालं ते कळणार नाही. फार जवळही आणू नकोस, खडबडीत बर्फावर तोल जातो.

तसंच ते "पावडरसाठी मागे सरकवलंय" प्रकरण. ताज्या खोल बर्फात बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर राहावं म्हणून दोन्ही पाय मागे घेतात, ते बरोबर. पण तू दर शनिवारी व्हँकुव्हरजवळच्या सायप्रस डोंगरावर जातोस. तिथला बर्फ समुद्राकाठचा, ओला, जड, आणि तू फिरतोस मशिनने दाबलेल्या उतारांवर. तिथे एवढं मागे उभं राहिलास की पुढच्या पायाचा भार एजवर, म्हणजे बोर्डाच्या धातूच्या कडेवर, पोचत नाही आणि वळण उशिरा सुरू होतं. बोर्डावर कंपनीने खूण केलेली भोकं असतात, मध्य तिथे आण.

कोनाचं थोडक्यात सांगते. पायाची बोटं नाकाकडे वळलेली असली की अधिक, शेपटीकडे, म्हणजे मागच्या टोकाकडे, वळलेली असली की उणे. पुढचा अधिक १५ राहू दे. मागचा उणे १५ हा शेपूट पुढे करून तितकंच चालवणाऱ्यांना सोयीचा. तू तसा किती जातोस? उणे ६ करून बघ. डिस्कवरची एकेक रेघ बहुतेक ३ अंशांची असते.

सगळं झालं की बूट बाइंडिंगमध्ये घट्ट बसवून बोर्ड उलटा कर. चवडा आणि टाच दोन्हीकडे सारखेच बाहेर दिसले पाहिजेत. हे काम जमिनीवर जुनी चादर अंथरून कर, सोफ्यावर नको. मागच्या वेळी एजने कापड फाटलं, ते मीच शिवलं.

चारही स्क्रू आधी नुसत्या बोटांनी फिरवून बसव, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळ. जोर दाखवू नकोस, फार आवळलं की बोर्डाच्या तळाला खळगे पडतात. आणि दोन फेऱ्या झाल्या की पुन्हा तपास. मी एकदा तपासलं नव्हतं. कॅलगरीजवळच्या नाकिस्का डोंगराच्या मधल्या उतारावर डावा पाय बाइंडिंगसकट गोल फिरायला लागला आणि बोर्ड काखेत धरून खाली चालत आले. लिफ्टमधून लोक बघत होते.

सैल करण्याआधी फोटो काढून ठेव. गुडघ्याला सूज असेल तर हे सगळं राहू दे, आधी फिजिओकडे जा.

तुझी,
आई

ता. क. बुधवारी पार्सल टाकते. चिवड्याच्या डब्याखाली ३ नंबरचा स्क्रूड्रायव्हर असेल. तुझ्याकडचा २ नंबरचा आहे, तो या स्क्रूंची डोकी खातो.