आवाहन : वाड्याच्या चक्री जिन्यासाठी

सप्रेम नमस्कार,

फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या सँ-जाँ पेठेतल्या आपल्या वाड्याचा चक्री जिना मंगळवारपासून वरच्या टप्प्याला बंद आहे. दोरी बांधली आहे, ती मुलांनीच काय, मोठ्यांनीही ओलांडू नये.

ही पेठ एकदा वाचवून झाली आहे. महापौर लुई प्रादेल यांच्या काळात इथून मोटारींचा रस्ता काढायचा घाट घातला होता. १९४६ साली स्थापन झालेली ‘रनेसाँस द्यु व्ह्यो ल्यों’ ही संस्था आणि पत्रकार रेजिस नेरे यांच्यासारखी माणसे हटली नाहीत. १९६२ साली जुन्या वस्त्या जपणारा मालरो कायदा आला आणि १९६४ साली देशातला पहिला संरक्षित विभाग म्हणून आपलीच पेठ जाहीर झाली. १९९८ साली जागतिक वारशाचा मानही मिळाला. तेव्हापासून जो तो म्हणतो, ‘आता सरकार बघेल.’ अहो, संरक्षित म्हणजे वाडा पाडता येत नाही. तो आपणहून पडू लागला तर धावपळ आपल्यालाच करायची!

अंगणातल्या विहिरीवरच्या शंखाकृती छताच्या दुरुस्तीच्या वेळी हे सगळ्यांना कळले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पाकीट हातात ठेवले आणि पावतीसुद्धा घेतली नाही. बुकबाईंडर काकांनी दुकान आवरताना गल्ल्यात उरलेले सगळे दिले. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांनी गवंड्यांना महिनाभर पहाटे गरम पाव पुरवले. ही माणसे मंडळ विसरणार नाही.

आणि गेल्या सभेला? तीस खुर्च्या मांडल्या, सात भरल्या, त्यांतल्या तीन कार्यकारिणीच्या. उचलायला मी एकटा. बोळातून दिवसभर पाहुणे फोटो काढत जातात, त्यांच्यासाठी दार उघडे ठेवायला मात्र सगळे तयार असतात.

दुखणे आपल्याच हातचे आहे. कुणी तरी पूर्वी पायऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट भरले. ल्योंजवळच्या कूझों गावचा पिवळा दगड ओल शोषतो, ती चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटमागे अडकते. थंडीत ते पाणी गोठून फुगते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. शेवटून चौथ्या पायरीवर बोट फिरवले की पिवळी भुकटी हाताला लागते. आता सिमेंट खरवडून चुना भरायचा, चार पायऱ्या नव्या घडवायच्या. असे काम येणारा पाथरवट मिळाला आहे, सरकारी वारसा वास्तुविशारदांची मंजुरीही आली आहे. अडले आहे ते पैशांवर.

देणगी धनादेशाने मंडळाच्या नावे. रोख फक्त खजिनदारांकडे, पावती घ्यावीच (व्यक्तींना देणगीच्या ६६ टक्के करसवलत, मर्यादा करपात्र उत्पन्नाच्या २० टक्के). पैसे शक्य नसतील त्यांनी शनिवारी सकाळी १० वाजता अंगणात हातमोजे घेऊन यावे, राडारोडा उचलायचा आहे. परांची बांधायच्या आधी निम्मी रक्कम द्यायची आहे, म्हणून महिनाअखेरीपर्यंत. खुर्च्या या वेळी मांडणार नाही.

आपला,
सचिव, वाडा रहिवासी मंडळ